कातळावरच्या गेंदाला नाव देण्याची घाई न करणाऱ्या अभ्यासकास

सप्रेम नमस्कार,

आपली ओळखदेख नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरचं तुमचं टोपणनाव तेवढं मला ठाऊक आहे. ते इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेलच.

रत्नागिरीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, गेंद ही छोटी वनस्पती मी तिथे नुसत्या 'एरिओकॉलॉन' या वंशाच्या नावाने टाकली होती. दोघांनी जातीचं एकच नाव सुचवलं आणि नोंदीला 'रिसर्च ग्रेड', म्हणजे पक्क्या ओळखीचा दर्जा, मिळाला. विषय तिथेच संपला असता. तुम्ही असहमती नोंदवलीत. दोन-तृतीयांशांहून जास्त मतं जुळली तरच ओळख पक्की धरतात, त्यामुळे तुमच्या एका मताने नोंद पुन्हा नुसत्या एरिओकॉलॉनवर आली. खुल्या परवान्याच्या पक्क्या नोंदी पुढे जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक भांडारात जातात, तिथून त्या कुणाच्याही नकाशात आणि प्रबंधात उतरतात. आमच्या कातळावरचं शंकास्पद नाव तुम्ही वाटेतच अडवलंत.

आणि अडवून निघून गेला नाहीत, हे मला जास्त मोलाचं वाटतं. सड्यावरचे बरेचसे गेंद वरून पांढऱ्या गुंड्यांसारखे सारखेच दिसतात. खरा फरक फुलांच्या बारीक भागांत आणि मिलिमीटरभरही नसलेल्या बियांच्या सालीवर असतो, हे तुम्ही सविस्तर लिहिलंत. बी पिकेपर्यंत थांबा, गुच्छ आडवा धरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, असंही सांगितलंत. थिओडोर कुक यांची १९०१ ते १९०८ या काळात निघालेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येते. तिचं नेमकं पानच तुम्ही जोडून दिलंत.

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सुकवलेले नमुने ताडून बघायचे तर आम्हाला पुणे गाठावं लागतं, आणि ऐन पावसाळ्यात सुट्टी कोण देणार? तुमची ती टिप्पणी मी वर्गात फळ्यावर उतरवून घेतली. 'हे नाव कशावरून?' असं आता मुलं मलाच विचारतात. ज्या दोघांनी आधी नाव सुचवलं होतं, त्यांतल्या एकाने तुमचं वाचून स्वतःचं मत मागे घेतलं. जाणता माणूस चारचौघांत मत बदलतो, हे मुलांनी पाहिलं. ते मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातून शिकवता आलं नसतं.

आमच्याकडे सड्याला सर्रास पडीक म्हणतात. चिऱ्याच्या खाणी तिथेच पडतात. पावसाचे जेमतेम चार महिने गेंद, सीतेची आसवं आणि तेरडे उगवतात, मग पुन्हा उघडा कातळ. उन्हाळ्यात पाहणीला येणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. म्हणून तारीख, जागा आणि तपासलेलं नाव असलेल्या नोंदी आम्हाला फार गरजेच्या आहेत. तुम्ही दिलेला वेळ या सड्याच्या कामी आला आहे.

पिकलेल्या बियांचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो त्याच नोंदीत जोडले आहेत. यंदा मुलंही आपापल्या नोंदी टाकणार आहेत. सवड मिळेल तेव्हा बघा, आणि पटलं नाही तर त्यांच्याशीही असंच असहमत व्हा.

आपली कृतज्ञ,
सड्याजवळची एक शिक्षिका