पान गळतंय की करपतंय, आधी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परतीच्या पावसाने दगा दिला की माण-खटाव, जत-आटपाडीत दसरा-दिवाळीलाच झाडं पिवळी पडू लागतात. मग ‘झाड वाळलं, तोडायला परवानगी द्या’ अशी मागणीही सुरू होते. त्यातली बरीच झाडं चांगली जिवंत असतात.

श्रीनगरचा चिनार रंगतो तो दिवस लहान होऊन थंडी पडते म्हणून. तिथे उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या दिवसात चार तासांहून अधिक फरक असतो, साताऱ्यात जेमतेम दोन-सव्वादोन तास. त्यामुळे आपल्याकडची पानगळ मुख्यतः जमिनीतल्या ओलीवर ठरते. तोच साग मुरमाड माळावर लवकर उघडा पडतो, ओढ्याकाठी बराच काळ हिरवा राहतो.

ओल तुटली की झाड पानातलं हरितद्रव्य मोडतं, नत्र-स्फुरद फांदीत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करून पान सोडून देतं. पिवळा रंग पानात मुळातच असतो, हिरवा गेल्यावर तो दिसतो इतकंच. लाल रंग मात्र साखरेपासून नव्याने बनतो. पाण्याचा थोडा ताण, स्वच्छ ऊन आणि गार रात्री मिळाल्या तर देशी बदाम झकास लाल होतो. ताण फारच बसला तर रंग चढण्याआधीच पान कडेने करपतं, कारण कडेपर्यंत पाणी सर्वांत शेवटी पोहोचतं. (फाल्गुनात कुसुंब लालभडक दिसतो ती पानगळ नव्हे, नवी पालवी. फोटो टाकणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.)

धोक्याची खूण वेगळीच. पिवळं पान हलक्या हाताने सुटून आलं आणि देठाच्या जागी स्वच्छ वण दिसला, तर झाडाने ते स्वतः सोडलंय. करपलेली पानं हिसडा देऊनही फांदीला चिकटून राहिली, तर देठाचा थर बनण्याआधीच फांदी मेली असावी. अशा फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर तेवढीच फांदी काढा. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर तो पाण्याचा ताण नसून बहुधा चुनखडी जमिनीतली लोहाची कमतरता असते.

ताणावरच्या झाडाला युरिया अजिबात देऊ नये. ओल नसताना खताचे क्षार मुळांना भाजतात. पाणी बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली, फूटभर खोल ओल जाईल इतकं, पंधरवड्यातून एकदा द्यावं. गळलेला पाचोळा पेटवण्याऐवजी तिथेच तीन-चार इंच पसरावा, फक्त खोडापासून वीतभर लांब. कडुनिंब मेला की नाही, हे गुढीपाडव्याच्या सुमारास पालवी पाहूनच ठरवावं.

– एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)