पुण्यात राहतो, पण यादीत नाही: महापौरांना खुले पत्र

माननीय महापौर,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान झालं, त्या दिवशी मी नेहमीसारखा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत होतो. आमच्या खोलीत चार कॉट आहेत. एक बीडचा, एक नांदेडचा, एक धाराशिवचा आणि मी सांगलीचा. पुण्याच्या मतदारयादीत चौघांपैकी कुणाचंच नाव नाही. मला इथे पाचवं वर्ष लागलंय.

हा आमचा आळस नाही. कॉलेजात शिकणाऱ्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवायला कॉलेजचा दाखला मिळतो. पदवी संपवून स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला तो कोण देणार? कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने घेतली, तर भाडेकरार होत नाही, लाइट बिल मालकाच्या नावावर. विधानसभेच्या यादीत नाव नाही म्हणून महापालिकेच्या यादीतही नाही.

आपलं म्हणणं मांडणारं कुणी नसलं की त्याचा परिणाम रोजच्या जगण्यात दिसतो. मार्च 2022 मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, संचालक मंडळात महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष असतात, पण त्या काळात ही पदंच रिकामी होती. 1 जून 2025 पासून दैनंदिन पास 40 वरून 70 रुपयांवर गेला. विद्यार्थी पासाला शाळा-कॉलेजचं ओळखपत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. मेसचे, खोलीचे, अभ्यासिकेचे पैसे घरून मागवणाऱ्या मुलाला हे 30 रुपये जड जातात. म्हणून आमच्यातले बरेचजण चालतच जातात.

आता नगरसेवक आले. मी अभ्यासिकेच्या जिन्याची तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. पहिला प्रश्न आला, ‘मतदान कुठं आहे तुमचं?’ मी गावाचं नाव सांगितलं आणि बोलणं तिथेच संपलं.

जिना एकच आहे, जेमतेम एक माणूस उतरेल एवढा, आणि वर साठ-सत्तर मुलं बसतात. 27 जुलै 2024 ला दिल्लीत जुन्या राजिंदर नगरच्या एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरलं आणि तिघे विद्यार्थी बुडाले. आमच्यासारखेच होते ते, बाहेरून आलेले. त्या रात्री आईने तीनदा फोन केला, ‘तुझी अभ्यासिका कितव्या मजल्यावर आहे रे?’

महापौर, माझ्या मागण्या साध्या आहेत. पेठांमधल्या प्रत्येक अभ्यासिकेची अग्निशमन दलाकडून तपासणी करून घ्या आणि तिचा निकाल दारावर लावायला लावा. पीएमपीच्या मंडळात आता आपण आहात, तिथे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या पासाचा विषय मांडा. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलून आमच्यासाठी मतदार नोंदणीचं शिबिर पेठेत भरवा. महापालिकेच्या एखाद्या शाळेचा वर्ग रविवारी मिळाला तरी पुरेल. माणसं गोळा करायचं काम आम्ही करू.

आपला,
स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, सदाशिव पेठ