पोस्टमन दिवसाआड? आधी परत आलेल्या पाकिटाची पाठ बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डेन्मार्कच्या पोस्टाने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटचं पत्र वाटलं आणि चौकाचौकातल्या लाल पेट्या काढून टाकल्या, तेव्हापासून नाशिकच्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या आमच्या कोर्टात चहाला उभं राहिलं की हा विषय निघतोच. तरुण वकील मंडळी म्हणतात बघा, त्यांनी चारशे वर्षांची पद्धत मोडली आणि आपण अजून रोज पोस्टमन फिरवतोय, हजारो कोटींचा तोटा आहे खात्याला, निदान दिवसाआड तरी करा, कोण पत्र लिहितंय आता. मी तीस वर्षं वकिलांकडे कारकुनी करतोय आणि त्यातली चांगली चार-पाच वर्षं तरी नुसती पोस्टाच्या लायनीत उभं राहण्यात गेली असतील, म्हणून म्हटलं आपणही एकदा लिहावं.

आधी त्या डेन्मार्कचं बोलू. तिथं २००० साली वर्षाला १४० कोटी पत्रं होती ती २०२४ ला ११ कोटींवर आली, म्हणजे खरंच पत्रं संपली. पण तिथं सरकारचं, बँकेचं, दवाखान्याचं सगळं मोबाईलवर सरकारी डिजिटल पेटीत येतं आणि लोकांना ते वाचता येतं. शिवाय पोस्टाने बंद केलं तरी डाओ नावाची खासगी कंपनी पत्रं वाटतेच आहे, हे चहावाल्या चर्चेत कोणी सांगत नाही. आणि गंमत म्हणजे डेन्मार्क हा अख्खा देश साठ लाखांचा. आपला नाशिक जिल्हा २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होता. म्हणजे एका जिल्ह्याएवढा देश, त्यात सुरगाणा नाही, पेठ नाही, हरसूल नाही, पावसाळ्यात चार महिने रेंज गेलेले पाडे नाहीत. त्यांचं माप आपल्याला लावायचं म्हणजे धाकट्या भावाची चड्डी मोठ्याला घालण्यासारखं आहे, इथं तर भाऊसुद्धा नाही आपला.

आता मुद्द्याचं. साधं टपाल कमी झालंय हे मला मान्य आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये येतं काय तर बँकेचं स्टेटमेंट, विम्याच्या हप्त्याची आठवण, कुठल्या तरी समाजाचं मासिक आणि दिवाळीत एखाद्या पतसंस्थेचं कॅलेंडर. हे सोमवारच्या ऐवजी मंगळवारी आलं तर कोणाचं काही अडत नाही, गंगापूर रोड कॉलेज रोडला तर आठवड्यातून दोनदा आलं तरी कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या जुलैपासून तसंच केलंय, दुय्यम दर्जाचं टपाल सोमवार ते शुक्रवारमध्ये दिवसाआड आणि पहिल्या दर्जाचं मात्र आठवड्याचे सहाही दिवस. अमेरिकेने २०१३ ला शनिवारची पत्रं बंद करायचं फेब्रुवारीत जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये गपचूप मागं घेतलं. म्हणजे ज्यांनी कापलं त्यांनीही महत्त्वाचं टपाल बाजूला ठेवूनच कापलं, आणि आपल्याकडे चर्चा चालते ती सरसकट, पोस्टमनच दिवसाआड.

सरसकट म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि त्याचं कारण आमच्या ऑफिसातल्या कपाटात आहे. परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा. ही पाकिटं कोणी बघत नाही, वकील साहेबही बघत नाहीत, फक्त कोर्टात लावायची असली की माझ्याकडे मागतात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला पत्ता आणि बारकोड, आणि पाठीवर पोस्टमनच्या हाताने बॉलपेनने लिहिलेलं, १२ तारीख डोअर लॉक, १३ तारीख डोअर लॉक, १४ रविवार म्हणून काही नाही, १५ ला इंटिमेशन (पोस्टात येऊन घेऊन जा अशी चिठ्ठी) दिली, मग आठवडा थांबून अनक्लेम्ड म्हणजे कोणी घ्यायला आलं नाही, परत. कधी लेफ्ट (सोडून गेले), कधी रिफ्यूज्ड (घ्यायला नकार), कधी इन्सफिशियंट अॅड्रेस (पत्ता अपुरा). त्या दोन-चार शब्दांवर आणि तारखांवर माणसाची केस उभी राहते किंवा पडते. कारण कायदा असा आहे (जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७, कलम २७) की बरोबर पत्ता टाकून, तिकिटं लावून, रजिस्टरने पाठवलं की ते पोचलं असं धरलं जातं, मिळालं नाही हे तुम्ही सिद्ध करा. चेक बाऊन्सच्या नोटिशीत तर अनक्लेम्ड आलेलं पाकीट आम्ही मिळालं म्हणूनच लावतो आणि कोर्ट बहुतेक वेळा तसं धरतं. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर विषय मिटतो, नाही भरले तर फौजदारी. आता विचार करा, अंबडच्या कारखान्यात दिवसपाळी करणारा माणूस, बायको दुसरीकडे कामाला, मुलं शाळेत, दुपारी दाराला कुलूप. आज पोस्टमन तीन वेळा येऊन बघतो, एखाद्या दिवशी शेजारीण सांगते की बाबा सहाला येतो त्याला फोन करा, आणि जुना पोस्टमन असला तर तो खरंच फोन करतो. दिवसाआड केलं की त्याच आठवड्यात फेऱ्या निम्म्या. पाठीवर तारखा कमी पडतील, शेरा तोच पडेल, अनक्लेम्ड. कोर्ट काय शेरा बघतं, पोस्टमन किती वेळा जिना चढला ते नाही बघत.

आम्ही पाठवणाऱ्या बाजूला असतो म्हणून हे लिहायला थोडं विचित्र वाटतं खरं, अनक्लेम्ड आलं की आमच्या अशिलाचं कामच सोपं होतं. पण तीस वर्षांत दोन्ही बाजूची माणसं बघितलीत.

त्यातून रजिस्टर पोस्टच आता वेगळं राहिलेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीडपोस्टात घातलं. आधी रजिस्टरला २५ रुपये ९६ पैसे सुरुवात होती, आता ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ आणि बाहेर कुठेही ४७, त्यावर रजिस्ट्रेशन म्हणजे ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं असेल तर ५, त्यावर जीएसटी, बाहेरगावचं पाकीट साठच्या पुढे जातं. दर वाढवला त्याबद्दल माझी फार तक्रार नाही, पोस्टकार्ड अजून पन्नास पैशात आणि आंतरदेशीय अडीच रुपयात विकतात हेच मला नवल वाटतं, पन्नास पैसे सुट्टे आता भिकारी पण घेत नाही, ते कार्ड छापून पेठच्या पाड्यावर पोचवायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. ते दोन-तीन रुपये करा, कोणी मोर्चा काढणार नाही. पण पैसे जास्त घ्यायचे आणि फेऱ्या कमी करायच्या ही दोन्ही कामं एकदम करायची म्हणजे गिऱ्हाईक पळवून लावायचाच धंदा आहे, मग पुढच्या वर्षी टपाल अजून कमी झालं म्हणून अजून एक दिवस कापायला मोकळे.

आणि खेड्यात दिवसाआड करा म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की तिथं ते आधीच झालंय, फक्त कागदावर रोज आहे. आमची दिंडोरी तालुक्यात सामाईकातली तीस गुंठे जमीन आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्याने मोजणी टाकली, लगतचे खातेदार म्हणून आम्हाला नोटीस निघाली, मोजणी मंगळवारी होती आणि नोटीस चुलतभावाच्या हातात पडली शुक्रवारी. तोपर्यंत दगड रोवून झाले होते. पुढचं काय झालं ते सांगत बसत नाही, वर्ष गेलं त्यात. मी चिडून तिथल्या शाखा डाकघरात गेलो तर टपाल वाटणारा ग्रामीण डाकसेवक म्हणाला भाऊ माझ्याकडे तीन गावं आणि दोन वस्त्या, ड्यूटी चार-पाच तासांची, गाडीत पेट्रोल आधी माझं, थैली तालुक्यातून येते साडेअकराला, मी तुमच्या बाजूला मंगळवार-शुक्रवार येतो नाहीतर सगळं अर्धवट राहतं. काय बोलणार त्याला. पूर्ण वेळेचा पगार नाही, त्याला दिवसाच्या कामाच्या तासांवर भत्ता, बाकी वेळ स्वतःचं शेत बघतो. सातबारावरच्या फेरफाराला हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवस, त्यातले चार थैलीतच गेले तर खातेदाराकडे अकरा राहतात, त्यात तो तलाठ्याकडे जाणार का वकिलाकडे का भाताला पाणी सोडणार.

बरं हा डाकसेवक नुसती पत्रं वाटत नाही हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं. २०१८ ला पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली, आणि आता त्याच्याकडे मोबाईल आणि अंगठ्याचं मशीन असतं, आधारवर पैसे काढून घरी देतो. माझ्या बहिणीच्या सासूबाई सुरगाण्याकडे राहतात, निराधारचे पैसे तिथंच काढतात. गेल्या पावसाळ्यात मी होतो तेव्हा तो आला, ओटीवर बसला, म्हातारीचा अंगठा लावला, लागला नाही. आयुष्यभर नागली लावली आणि दगडाचं काम केलं, अंगठ्यावर रेषाच नाहीत. त्याने पंचाच्या टोकाने बोट पुसलं, मग तर्जनी, मग मधलं, मग दुसरा हात, सहाव्या बोटाला मशीनने हिरवा दिवा दाखवला तर रेंज गेली. मग दोघं मिळून घरामागच्या टेकाडावर चढले, म्हातारी पुढे आणि हा छत्री धरून मागे, तिथं पैसे निघाले. एक हजार रुपये. खाली येऊन त्याने मोजून दिले आणि चहा न घेता गेला कारण अजून दोन घरं होती. हा माणूस दिवसाआड करून सरकारचे नेमके किती वाचणार ते मला कोणी हिशेब करून सांगा. कुरियरवाले तर तिथं जातच नाहीत, त्यांचा फोन येतो की तालुक्याला येऊन पार्सल घेऊन जा, जाऊन यायला शंभर रुपये आणि दिवस मोडतो.

नाशिककरांनी तरी पोस्टाला नावं ठेवताना जरा विचार करावा असं मला वाटतं. देशातली तिकिटं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, शंभर वर्षं होत आली, त्याआधी ती इंग्लंडातून छापून यायची. नाशिकरोड जेलरोडच्या निम्म्या घरात कोणी ना कोणी प्रेसला होतं, त्या प्रेसच्या पगारावर लोकांची घरं झाली, पोरं शिकली. पासपोर्टही तिथंच छापतात आणि भरून झाला की तुमच्या घरी आणून कोण देतो तर पोस्टमन. आणि तो सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आणला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानेच, संस्कृतचे मोठे पंडित होते आणि पोस्टात अधिकारी. हे आपलं सहज आठवलं म्हणून.

मग पैसे वाचवायचेच असतील तर कुठं वाचवायचे, असं मला कॅन्टीनमध्ये विचारलं. माझं म्हणणं एवढंच की फेऱ्या कापायच्या तर ज्या टपालावर तारीख चालत नाही त्याच्या कापा, शहरात स्टेटमेंट, मासिकं, जाहिराती आठवड्यातून दोन-तीनदा वाटा, त्याला वेगळी थैली करा. सही घेऊन द्यायचं सगळं टपाल रोज जायला हवं आणि खेड्यात एका माणसाकडे तीन गावं असली तर तिथं माणूस वाढवा, कमी करू नका. आणि पोस्टमनची बीट, म्हणजे त्याच्या वाटपाचा ठरलेला भाग, सारखी बदलू नका. सिडकोतले पत्ते बघा, एन अमुक, जेसी तमुक, स्ट्रीट, चौक, त्यात मूळ घराचे तीन भाग झालेले, जुन्या नाशकात तर वाड्याला नंबरच नाही, अमक्या पाराजवळ तमक्याचा वाडा एवढाच पत्ता. दहा वर्षं त्या गल्लीत फिरलेला माणूस नावावरून घर शोधतो, आणि रोजंदारीवर आलेलं नवीन पोरगं इन्सफिशियंट अॅड्रेस लिहून मोकळं होतं. आमचं एक पाकीट असंच लेफ्ट म्हणून परत आलं होतं, मी संध्याकाळी घरी जाताना त्या पत्त्यावर गेलो तर गृहस्थ दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले, चाळीस वर्षं तिथंच राहतात. त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी गल्लीच दाखवली नव्हती. पण ते पाकीट दुसऱ्यांदा पाठवायला पैसे आमच्या अशिलाचे गेले आणि पोस्टाचाही सगळा प्रवास दोनदा झाला, तोटा तोटा म्हणतात त्यातला थोडा असाही होत असणार.

दुसरं म्हणजे आपण लोक. चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही किंवा असून बंद, आणि खाली पत्रपेट्या नाहीत, पोस्टमनने वर यायचं ही अपेक्षा. पाट्या नाहीत दारावर, असल्या तर सासऱ्यांच्या नावाच्या आणि टपाल सुनेच्या नावाने. खाली पेट्या असल्या तर त्याचा रोजचा किती वेळ वाचेल, तोच वेळ तो सहीच्या टपालाला देईल. हे मी आमच्या सोसायटीत दोन वर्षं बोलतोय. रविवारी मीटिंगला विषय घेतलाय, घरटी दोनशे रुपये वर्गणी, पहिला आणि दुसरा मजला तयार आहे, तिसऱ्या मजल्यावाले म्हणतात आमचं टपालच येत नाही, आणि त्यांच्यातल्याच एकांची कोर्टाची नोटीस गेल्या महिन्यात डोअर लॉक म्हणून परत गेली ते मला माहीत आहे, पण ते मीटिंगमध्ये सांगता येत नाही.

आपला नम्र,
वकिलांकडचा एक कारकून, जेलरोड, नाशिकरोड