सेल्फ बदलायच्या आधी मीटर लावा ना भाऊ

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर मागं एक चौकट आली होती, गाडीचा सेल्फ लागत नसेल तर काय करावं म्हणून, त्यात सरळ लिहिलं होतं की बॅटरी बदला, नाही जमलं तर सेल्फ बदला. आता छापून आलं म्हटल्यावर लोक ते कात्रण घेऊनच दुकानात येऊन राहिले बाप्पा, अन् त्यांना समजावता समजावता माझं तोंड दुखते, म्हणून म्हटलं एकदा तुम्हालाच लिहावं.

मी मोर्शी तालुक्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. ट्रॅक्टर, जीप, टू-व्हीलर येतातच, अलीकडं एटीव्ही पण येतात. रिसॉर्टवाले पर्यटकांना फिरवायला जी चार जाड टायरची गाडी ठेवतात ना, तीच. खिळखिळी झाली की ते विकून टाकतात अन् मंग ती आमच्याकडं संत्र्याच्या बागेत येते, कारण दोन ओळींच्या मधून ट्रॅक्टर नेला तर फांद्या मोडतात, ही आरामात जाते अन् मागं फवारणीची टाकीही बसते. गाडी कामाची आहे, त्यात वाद नाही. पण बऱ्याच गाड्यांना किकही नाही अन् ओढायची दोरीही नाही, त्यातून ऑटोमॅटिक बेल्टवाली असली तर ढकलूनही चालू होत नाही, म्हणजे सेल्फ गेला की गाडी जागेवरच. हँडल मारताना लोकांचे हात मोडायचे म्हणून 1912 साली कॅडिलॅक मोटारीत इलेक्ट्रिक सेल्फ आला, तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे, बॅटरी, जाड वायर, मधात जोडणारा स्विच अन् मोटर. एवढ्या चार गोष्टींत बिघाड शोधायला नवीन मोटर कशाला लागते हे मला अजून कोणी सांगितलं नाही.

आधी कान लावा. बटन दाबलं अन् काहीच आवाज नाही, तर मोटरचा विचारच करू नका, बिघाड बहुतेक छोट्या वायरच्या बाजूला असतो. फ्यूज पाहा, हँडलवरचा लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचा, तो पाहा, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का पाहा. बऱ्याच एटीव्ही गिअरमध्ये असल्या तर ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत, अन् त्या ब्रेकच्या लिव्हरखाली जो इवलासा स्विच असतो त्यात काळी माती गेली की झालं. रोटाव्हेटरच्या धुळीत अन् पावसाळ्याच्या गाऱ्यात फिरणारी गाडी, मंग वरून प्रेशरच्या पाण्यानं धुतात, काय होईल त्या स्विचचं. अन् उंदीर! कापसाच्या गंजीजवळ गाडी उभी केली असेल तर सीट उचलून वायरिंग पाहाच.

बटन दाबल्यावर कट-कट-कट-कट असं भराभर वाजत असेल तर बॅटरी उतरली आहे नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. एकच टक् वाजून चूप झाली तर रिले, म्हणजे तो मधातला जोडणारा स्विच, ओढतो आहे पण पुढं करंट जात नाही, नाहीतर मोटर जाम आहे. मोटर सुईंऽऽ करून फिरते पण इंजिन हलतच नाही, तर सेल्फ चांगला आहे, मोटरचा फेरा इंजिनला देणारा आतला वन-वे क्लच गेला. आता या शेवटच्या दुखण्याला नवीन सेल्फ विकत घेतलेला माणूस मी पाहिलेला आहे. रोग हल्याला अन् इंजेक्शन पखालीला.

मंग मीटर. साधा डिजिटल मीटर, गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो, डीसी 20 व्होल्टवर ठेवायचा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी 12.6च्या आसपास दाखवली तर फुल, 12.2 म्हणजे अर्धी, 12च्या खाली गेली तर आधी चार्ज करा मंग बाकीच्या गप्पा. पण नुसती उभ्या गाडीची बॅटरी मोजून काही समजत नाही, इथंच सगळे फसतात. बटन दाबून ठेवून मोजायचं. दाबल्यावर आकडा 9.6च्याही खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, नाहीतर मोटर जाम होऊन सगळा करंट खाऊन राहिली. पण आकडा 12च्या वरच राहिला अन् तरी मोटर फिरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, करंट तिच्यातून बाहेरच निघत नाही आहे, रस्ता कुठंतरी अडला आहे.

या पावसाळ्यात एका बागवाल्या भाऊची एटीव्ही आली. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सर्व्हिसवाल्यानं सेल्फ गेला म्हणून अकरा हजाराचं इस्टिमेट दिलं होतं, बॅटरी तर आधीच नवीन टाकून घेतली होती. बटन दाबलं की घर्रर्र करून इंजिन अर्धा फेरा घ्यायचं अन् थांबायचं. उभी असताना बॅटरी 12.6, बटन दाबून 12.1. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मंग मीटरचा काळा टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, वायरच्या टोकाला जी कडी असते त्या थिंबलवर नाही, खुंटीवरच, अन् लाल टोक सेल्फच्या बॉडीवर. बटन दाबलं तर पाच व्होल्टच्या वर! तिथं 0.3च्या आत पाहिजे. जवळपास अर्धे व्होल्ट तर वाटेतच मरून राहिले होते. मायनसची जाड वायर चेसिसला जिथं बोल्टनं बसते तिथं पाहिलं तर वरून सगळं छान, बोल्टही घट्ट, पण खोलल्यावर थिंबलच्या खाली रंगाचा थर, त्यावर हिरवा-पांढरा क्षार अन् वाळून दगड झालेली काळी माती. रिसॉर्टवाल्यानं विकायच्या आधी चेसिसला चकाचक रंग मारला होता ना, तो थिंबलच्या खाली पण मारलेला. पॉलिश पेपर घासला, पत्र्याची चमक दिसेपर्यंत, थिंबलही घासलं, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. पहिल्याच बटनाला लागली. भाऊ माझ्याकडं पाहतच राहिला अन् मंग त्या सर्व्हिसवाल्याच्या नावानं जे सुरू झाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

प्लसच्या बाजूलाही असंच, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. जास्त आलं तर रिलेच्या दोन जाड बोल्टांवर मीटर लावा, बटन दाबल्यावर जवळपास झिरो झालं पाहिजे, टक् वाजूनही 12 तसेच राहिले तर रिलेच्या आतले पॉइंट जळले, रिले टाका, तो सेल्फच्या मानानं स्वस्त असतो. हे सगळं ठीक निघालं, मोटरच्या बोल्टवर पुरे व्होल्ट येतात अन् तरी फिरत नाही, तेव्हा मोटर खोला. तेव्हाही बहुतेक आतले करंट देणारे कार्बन झिजलेले निघतात नाहीतर ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडलेला असतो. पुरी मोटर फेकायची वेळ क्वचितच येते.

पेचकस लावून रिलेचे दोन बोल्ट डायरेक्ट करायची आपल्याकडं फार हौस आहे. मीही करतो, खोटं कशाला बोलू. पण गाडी गिअरमध्ये असली तर जागेवरून उडी मारते, अन् ठिणगी पडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, वरून पेट्रोलचा पाइप गळत असला तर मंग पाहायलाच नको. न्यूट्रल, हँडब्रेक, पेट्रोलचा वास घेऊन मंगच. ज्याला हे माहीत नाही त्यानं करू नये.

अन् बॅटरी मरते काहून, हेही त्या चौकटीत नव्हतं. आमच्या बागेत एटीव्हीच्याच बॅटरीवर 12 व्होल्टचा फवारणी पंप चिमटे लावून चालवतात, गाडी बंद ठेवून, पेट्रोल वाचते म्हणून. पंप पाच अँपिअर घेत असला अन् तीन तास चालला तर झाले 15 अँपिअर-अवर, अन् गाडीची बॅटरीच 14 अँपिअर-अवरची. काय उरणार त्यात. मंग ती ट्रॅक्टरच्या चार्जरवर दणकून लावतात, तशानं सीलबंद बॅटरी फुगते, 14च्या बॅटरीला दीड अँपिअरच्या आसपासच चार्जिंग पाहिजे, रात्रभर हळूहळू. मे महिन्यात 45-46 डिग्रीत टिनाच्या शेडखाली महिनाभर उभी गाडी, चार्जिंग नाही काही नाही, अन् मृग लागला की बटन दाबून पाहायचं, मंग बॅटरीवाल्याला शिव्या. उन्हाळ्यात मायनस काढून ठेवा अन् महिन्यातून एकदा चार्ज करा, एवढं पुरते. जम्प मारायची, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू करायची असली तर प्लसला प्लस, काळी वायर एटीव्हीच्या चेसिसला, अन् ज्या ट्रॅक्टरची बॅटरी घेता त्याचं इंजिन बंदच ठेवा. बटनही पाच सेकंदाच्या वर दाबून धरू नका, अर्धा मिनिट दम खाऊ द्या मोटरला, नाहीतर जिवंत सेल्फ तुम्हीच जाळाल.

साहेब, माझं म्हणणं एवढंच की ही तपासणी तुमच्या पानावर नीट छापा, एक साधं चित्र देऊन, मीटरचा कोणता टोक कुठं लावायचा ते. अन् अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं, आपल्या कृषी विज्ञान केंद्रांनी पंप-ट्रॅक्टरच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस नुसता मीटर शिकवावा. आयटीआयची पोरं माझ्याकडं कामाला येतात, व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे वाटेत किती व्होल्ट मरतात त्याची, व्याख्या पाठ आहे पण बटन दाबून कधी मोजलेला नाही. शेतकऱ्यांनीही सेल्फ बदलायला सांगणाऱ्याला दोन गोष्टी मागाव्यात, एक म्हणजे बटन दाबून मोटरवर किती व्होल्ट आले तो आकडा बिलावर लिहून, अन् दुसरं म्हणजे जुना सेल्फ परत. जुना परत मागितला की अर्ध्या लोकांचं इस्टिमेट आपोआप कमी होते, पाहा करून.

आपला वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, ता. मोर्शी, जि. अमरावती

ता. क. – मीटर व्होल्टवरच ठेवायचा. काही हुशार पोरं तो 10 अँपिअरवर करून सेल्फच्या लाइनमध्ये जोडतात. सेल्फ ओढतो शंभराच्या घरात, मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच तिथं उडतो, अन् मंग मीटर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.