सापाच्या आधी त्याचं घर

संपादक महोदय,

परदेशी प्राणी पाळण्याच्या हौसेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख बरा होता. पण सोबतच्या फोटोत एका मुलाच्या गळ्यात मफलरसारखा साप घातलेला आणि तो साप राहतो कुठे, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. वर्षभरापासून आमच्या घरात एक साप आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी खुलासा करते, नाहीतर सोसायटीतून फोन सुरू होतील. नाग, धामण, घोणस, आपल्याकडचा अजगर, यांतलं काहीही पकडून घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आमच्याकडे आहे तो बॉल पायथन, मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी. घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होतो, म्हणून भाच्याने नाव ठेवलं लाडू. भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि लाडू मावशीच्या गळ्यात पडला (शब्दशः नव्हे). २०२४च्या नियमांनुसार या जातीच्या सापाची नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते आणि तो दुसऱ्याच्या घरी गेला तर तेही कळवावं लागतं. भाचा तिकडून व्हिडिओ कॉलवर होता म्हणून ते पार पडलं.

लाडूबरोबर त्याचा संसारही आला. दोन फुटांची काचेची पेटी, दिवसरात्र जळणारा लाल दिवा, वायर लावून तापवायचा एक नकली दगड आणि मागे जंगलाचं चित्र. साप घेतला त्या दुकानात भाच्याला ‘एवढं पुरतं’ म्हणून सांगितलं होतं. लपायला मात्र जागा शून्य. चारही बाजूंनी माणसं दिसतायत आणि बीळ नाही, असा तो साप! दोन महिने त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. काचेवर घासून घासून नाक सोललं. कात मोज्यासारखी अखंड निघायला हवी, ती चिंध्या होऊन निघाली. डॉक्टरांनी त्याला हळूच उलटा करून दाखवलं, तर पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग. दगडाचे चटके होते ते. उबेसाठी साप त्या दगडालाच चिकटून बसतो आणि भाजतो.

मग सुताराकडून ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच कपाट करून घेतलं. पुढे सरकती काच, दोन्ही बाजूंना हवेला जाळी, आतून सनमायका, कारण ओलीने प्लाय फुगतो. “टीव्हीचं का, काकू?” असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. गोंदाचा वास जाईपर्यंत ते कितीतरी दिवस उघडं ठेवलं.

सापाचं अंग स्वतःची ऊब तयार करत नाही, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं. कपाटाचं एक टोक ३१-३२ अंश आणि दुसरं २५-२६, म्हणजे त्याला हवं तसं इकडून तिकडे जाता येतं. हीटर थर्मोस्टॅटवरच हवा. थर्मोस्टॅट नसलेला हीटर म्हणजे बटण अडकलेली इस्त्री. आणि बिळं दोन हवीत, उबेत एक, गारव्यात एक. एकच ठेवलं तर बिचाऱ्याला ऊब हवी की आडोसा, यांतलं एक निवडावं लागतं. मी जुन्या कुंड्या अर्ध्या कापून, कडा पॉलिशपेपरने घासून पालथ्या घातल्या. बीळ ऐसपैस नको. अंग भिंतींना टेकलं की तो निर्धास्त होतो.

दमटपणाचं गणित पुण्यात महिन्यागणिक बदलतं. खाली नारळाच्या काथ्याचा चुरा आहे. डिसेंबरात तो शिंपडून ओलसर ठेवावा लागतो, जुलैत उलट जाळी मोकळी ठेवावी लागते. डोळे दुधाळ निळे झाले की कात जवळ आली समजायचं आणि ओल्या शेवाळाचा डबा आत ठेवायचा. एप्रिलची गोष्ट वेगळीच. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खोली गार करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड खोली लाडूची, आम्ही पंख्याखाली हॉलमध्ये.

नागपंचमीला वरच्या मजल्यावरच्या आजी दुधाची वाटी घेऊन आल्या होत्या. साप दूध पीत नाही, हे त्यांना पटवताना माझा चहा गार झाला. त्याला पाण्याचं जड भांडं लागतं, तो आत बसू शकेल एवढं. जेवणाला गोठवलेला उंदीर वितळवून देतो, आणि त्याचा फ्रीजर वेगळा, हे आमच्या स्वयंपाकाच्या बाईंनी घातलेल्या अटीमुळे.

काचेला कुलूप हवंच. साप नाकाने काच सरकवतो.

नव्या घरात ठेवल्यावर आठवडाभर त्याला कोणी हात लावला नाही. काचेवर वर्तमानपत्र चिकटवून टाकलं, तुमचेच अंक होते. बाराव्या दिवशी रात्री कुंडीतून मान बाहेर आली आणि लाडू जेवला. आता तो ४ वर्षांचा आहे, मी ६३ची. हा साप २०-२५ वर्षं सहज जगतो, त्यामुळे माझ्यानंतर तो कोणाकडे जाणार, हे भाचीशी बोलून ठेवलंय.

अशा लेखांखाली चौकटीत दोन गोष्टी जरूर छापाव्यात. आधी घर उभं करा, आठवडाभर रिकामंच चालवून तापमान लिहून काढा, साप नंतर आणा. आणि घरात-अंगणात आपल्याकडचा साप निघाला तर तो डब्यात भरून न ठेवता वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर किंवा सर्पमित्राला फोन करा.

फोटोही बदलता आला तर पाहा. कुंडीखालून फक्त नाकाचं टोक दिसतंय, असे लाडूचे फोटो माझ्याकडे चिक्कार आहेत. हवे असतील तर पाठवते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे