लुंग तामला घाई करू नकोस

चि. सायली हीस,
अमळनेरहून अनेक आशीर्वाद.

तुझे व्हिएतनाममधल्या सा पाचे फोटो आजीला दाखवले. धुकं, डोंगर, पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती सगळं बघितलं आणि विचारते काय, "पोर जेवनी का नही?" त्याचं उत्तर आधी पाठव.

पर्यटकांच्या वर्गात मेणाची नक्षी काढलीस, रुमालही चांगला झालाय. पण खरं सांगू? त्यांनी तुला शेवटाकडचं गोड काम आधी दिलं. तिथल्या डोंगरातल्या ह्मोंग जमातीच्या बायकांचं कापड सुरू होतं शेतात. त्या हेंप पेरतात, कापून वाळवतात आणि सालीच्या पट्ट्या सोलून काढतात. (हे झाड गांजाच्या कुळातलं, हे पप्पांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.) आपल्याकडे पोळ्याच्या आधी तुझे आजोबा अंबाडीचा वाख काढून दोर वळायचे, जात तीच, फक्त अंबाडी पाण्यात कुजवावी लागते. पुढचं काम मात्र आपल्याकडे कुणी केलेलं मला ठाऊक नाही. त्या पट्ट्यांची टोकं एकात एक पिळून सलग धागा करायचा, आणि तोही चालता-बोलता, बाजाराला जाताना. मग चरख्यावर पीळ द्यायचा, राखेच्या पाण्यात उकळायचं, विणायचं. विणलेलं कापड लाकडी ओंडक्यावर ठेवून वर दगड ठेवायचा, त्या दगडावर उभं राहून डुलत डुलत कापड घोटायचं. एवढं झाल्यावर मेण.

म्हणून म्हणते, 'हा जांग' भागाकडे जाणारच आहेस तर तिथल्या लुंग ताम गावात मुक्काम वाढव. तिथे बायकांची सहकारी संस्था आहे, धाग्यापासून रंगापर्यंतची कामं एका ठिकाणी बघायला मिळतील. मेणाची लेखणी हातात मागू नकोस. धागा जोडणाऱ्या बाईशेजारी बस आणि तिचा अंगठा बघ. भाषा येत नाही याची काळजी कशाला? आजीने मला गोधडी शिकवली तेव्हा तरी कुठे काही समजावून सांगितलं होतं! जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कडेने टाके घालत आत यायचं, आणि टाका मोठा पडला की ती न बोलता उसवायची. ती एरवी दिवसभर बोलते, हे तुला माहीतच आहे.

आणि पैसे. संस्थेत शिकवण्याचा दर ठरलेला असेल तो द्यायचा. एखादी बाई घरी बसवून शिकवायला लागली, तर बसण्याआधी विचार. लाखाची नोट बघून घाबरू नकोस, एक लाख डाँग म्हणजे आपले साडेतीनशेच्या आत-बाहेर. फुले मार्केटमध्ये करतेस तशी घासाघीस तिथे करायची नाही. ती कामाचा वेळ तुला देतेय, आणि बाजारात छापील नक्षीचं मशीनचं कापड तिच्या कापडाशेजारीच स्वस्तात लटकलेलं असतं. फोटोही विचारूनच काढ. आपल्या अंगणात येऊन कुणी आजीचा फोटो न विचारता काढला तर ती काय म्हणेल, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निळीचा हौद मात्र माझ्यासाठी नीट बघून ये. तिथली नीळ आपल्या जुन्या नीळीच्या झाडाची नाही, त्या डोंगरांतलं झुडूप निराळं. पण रंगाचं गणित एकच. पाला भिजवतात, पाण्यात चुना घालून घुसळतात, तळाला निळा गाळ बसतो. हा गाळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसता कालवला तर कापडावर वरवर बसेल आणि धुतल्यावर जाईल. राखेच्या पाण्यात तो आंबवला की विरघळतो आणि धाग्यात शिरतो. कापड बाहेर काढताना हिरवट दिसतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. मग वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, कितीतरी वेळा. रंग हवा तितका गडद झाला की कापड उकळायचं. मेण वितळून जातं आणि मेणाखालची नक्षी पांढरी उरते.

आता माझा स्वार्थ. गोधडी शिवायला जमतो त्या आम्ही बायका जुन्या सुती साड्यांवर नीळ करून बघायचं म्हणतोय. सुतावर ती चढते, तेवढं मला माहीत आहे. पण आंबवण बिघडलं हे कशावरून ओळखायचं, वासावरून की फेसावरून? थंडीत हौद मंदावतो तेव्हा त्या काय करतात? आपल्या वैशाखात तो जास्तच आंबेल का? आणि त्यांनाच विचार, आम्ही करून बघितलं तर चालेल ना. नको म्हणाल्या तर तसं कळव, आम्ही पळसाच्या फुलांवर भागवू.

पैसे कमी पडले तर मला सांग, पप्पांना नको. ते लगेच परतीचं तिकीट काढतील.

तुझी,
आई

ता. क. पांघरायला चांगलं आहे ना काही? नसेल तर तिथेच विकत घे, सर्दी करून घेऊ नकोस.