गोष्ट खोटी निघाली त्याबद्दल

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझा लेख आलेला दिवाळी अंक मिळाला. तू पोस्टानं पाठवलेला अजून वाटेतच आहे, पण मला दम कुठला! बिंदू चौकाजवळच्या स्टॉलवर चार दिवस चकरा मारल्या. पाचव्या दिवशी त्या पोरानं मला लांबूनच बघितलं आणि अंक वर धरला. दोन घेतले. एक घरात, एक तालमीत, आपल्या फुटबॉलवाल्या मंडळात.

तुझ्या लेखाच्या अलीकडं उपवासाचे पदार्थ आणि पलीकडं वार्षिक राशिभविष्य. अनुक्रमणिकेत 'क्रीडा' असं लिहून शेजारी चित्र काढलंय ते बॅट आणि स्टंपांचं. फुटबॉलवरच्या लेखाला बॅट! मथळा 'सॉकरची एक दंतकथा'. हा सॉकर तुझा नव्हे, हे मला वाचताक्षणीच कळलं. कट्ट्यावर पहिला प्रश्न तोच आला, "ह्यो सॉकर कोण?" मी म्हटलं, पुण्यात फुटबॉलला तसं म्हणत असतील. सांभाळून घेतलं तुला.

पण पुढचं सांभाळणं जड गेलं. 'लहानपणी वडिलांनी मला फुटबॉलची जी पहिली गोष्ट सांगितली, ती खोटी होती.' तुझं हे पहिलं वाक्य. मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून बसलो, मग कळलं की ते वडील मीच. दहा-बारा जण माझ्याकडं बघायला लागले. उरलेला लेख मी चष्म्याचं निमित्त काढून दुसऱ्याला वाचायला दिला.

राग आला. खोटं कशाला बोलू. घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं, छापून यायला हिला बापच मिळाला. ती म्हणाली, "आधी पुरा वाचा." रात्री बसून पुरा वाचला, सकाळी पुन्हा वाचला.

ती गोष्ट मी तुला कुठं सांगितली होती, आठवतं? शाहू स्टेडियमवर. पाटाकडील आणि शिवाजी तरुण या आपल्या गावातल्या दोन संघांची मॅच होती, तू पहिली-दुसरीत असशील. हाफ टाइमला शेंगा सोलता सोलता मी सांगितलं की, आपला भारत 1950 साली ब्राझीलच्या वर्ल्ड कपला निघाला होता. फिफावाले म्हणाले बूट घाला. आपले म्हणाले, अनवाणी खेळू नाहीतर येत नाही. आणि गेले नाहीत. तू विचारलंस, "मग त्यांच्या पायाला लागत नव्हतं का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक उत्तरार्ध सुरू झाला असेल.

आता तू लिहितेस की, भारत पात्र ठरला तोच न खेळता, कारण ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स तिघांनीही माघार घेतली. गटात स्वीडन, इटली, पराग्वे होते. प्रवासाचा बराचसा खर्च उचलायला ब्राझीलवाले तयार होते. तरी आपल्या फुटबॉल महासंघानं संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला कमी वेळ अशी कारणं पुढं केली. खरी गोम म्हणजे वर्ल्ड कप हे काय प्रकरण आहे हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊकच नव्हतं, सगळा जीव ऑलिंपिकमध्ये. त्या वेळचे आपले खेळाडू शैलेन मन्ना स्वतःच पुढं सांगून गेले की बुटांचं कारण खरं नव्हे. हे मला माहीत नव्हतं. आणि त्याच्या आधी 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी खेळले, दोन पेनल्टी दवडून 2-1 नं हरले, तेव्हा कुणी अडवलं नव्हतं, हा मुद्दा तू चांगला पकडलास. जिथं खेळू दिलं तिथंच दोन वर्षांनी अडवलं असेल, तर त्याचा कागद कुठाय? संपादकांनी तुला 'याला आधार काय' म्हणून दोनदा लेख परत पाठवला, तेव्हा तू फोनवर रडकुंडीला आली होतीस. मला तेव्हा त्या माणसाचा राग आला होता. आता वाटतं, त्यानं परत पाठवला म्हणून तर तू पंधरा दिवस ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांची धूळ खात बसलीस. नाहीतर माझीच गोष्ट नव्या कपड्यांत छापून आली असती.

मला सगळ्यांत आवडलेला परिच्छेद हेलसिंकी ऑलिंपिकचा. 1952, थंडी, युगोस्लाव्हिया आणि 10-1. त्यानंतर आपल्याच महासंघानं बूट सक्तीचे केले. म्हणजे बूट बाहेरच्यांनी लादले नाहीत, दहा गोल खाऊन आपणच घातले. तू हे एका ओळीत सांगून पुढं गेलीस. तिथं थोडं थांबायला हवं होतंस, पोरी.

कारण त्याच वेळी आबा वीस वर्षांचे होते.

तुला आबा आठवतात ते खाटेवरचे. मला आठवतात त्यांचे पाय. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं, टाचा जात्याच्या पाळूसारख्या. ते लेफ्ट आऊटला खेळायचे, अनवाणी, घोट्याला चिंधी बांधून. तेवढ्यात स्पर्धांमधून बूट सक्तीचे होत गेले. बुटांना पैसे नव्हते. एकदा कुणाचे तरी मागून घातले, तर म्हणे चेंडू पायाला कळेना. "बुटात पाय म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापायची," असं म्हणायचे. दोन सिझन रेटले आणि सोडून दिलं. त्यांच्यापेक्षा कच्ची पोरं बूट घालून पुढं गेली. आबा कट्ट्यावर बसले ते कायमचे.

तू फोनवर विचारलं होतंस, "पप्पा, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?" मी म्हटलं आबांनी. "आणि आबांना?" मी म्हटलं, कुणास ठाऊक, सगळेच सांगायचे. तेवढ्यावर आपण विषय संपवला. पण परवा रात्री तुझा लेख वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की, आबा ती गोष्ट सांगताना भारताचं सांगत नव्हतेच. 'बूट घाला म्हणाले, नाही घातले, नाही गेलो.' त्यांचं स्वतःचंच होतं ते. पैसे नव्हते, जमलं नाही, हे पोराला कसं सांगणार? आख्खा देशच आपल्यासोबत अनवाणी घरी बसला म्हटलं की माणसाला जरा बरं वाटतं. पन्नास वर्षं मी ती गोष्ट वर्ल्ड कपची म्हणून सांगत आलो.

तेव्हा तू खोटी ठरवलीस ते बरोबरच. फक्त, ती इतकी वर्षं टिकली कशी, हे लेखात नाही. संपादकांनी बाराशे शब्द कापले म्हणालीस. त्यात आबा गेले, की तू त्यांच्यावर लिहिलंच नव्हतंस? गेले असतील तर त्यांचं चुकलं. लिहिलं नसशील तर माझं चुकलं, मी तुला कधी सांगितलंच नाही.

बाकी किरकोळ. पान 145 वर फोटोखाली साल 1984 पडलंय, 1948 चं उलटं, त्यांना कळव. मानधन दिवाळीनंतर देऊ म्हणाले, तर कोणत्या दिवाळीनंतर ते विचारून घे. संकोच करू नकोस, एवढी बस-रिक्षाची भाडी तुझ्याच खिशातून गेली. तालमीतला अंक हातोहात फिरून आता कव्हर सुटायला आलंय. एकानं तुझ्या नावाखाली पेनानं 'आमच्या पेठेची' असं लिहून ठेवलंय. खोडू दिलं नाही मी.

अजून एक राहिलं. मी आठवीत टीममध्ये आलो तेव्हा आबांनी मला चप्पल लाईनीतल्या एका कारागिराकडून बूट शिवून घेतले होते. तळाला चामड्याचे गट्टू, खिळ्यांनी ठोकलेले. तासाभरात खिळे आतून टोचायला लागायचे, मग आबा दगडानं ठोकून द्यायचे. पगाराच्या किती हप्त्यांत फेडले ते त्यांनी सांगितलं नाही. ते बूट अजून माळ्यावर आहेत, तुझ्या पाळण्याच्या मागं, पोत्यात. दिवाळीला आलीस की काढू. गुडघ्यामुळं मला आता शिडीवर चढवत नाही, तू वर चढ, मी खालून शिडी धरतो.

तुझा
पप्पा